डावा कान

शनिवारी संध्याकाळी जयवंतने नखांतलं ग्रीस
रॉकेलने आणि मग लिंबाच्या सालीने घासून काढलं,
तेव्हा मला कळलं, हा खरंच येणार आहे.

मुलगा हॉस्टेलवर गेल्यापासून आमच्या घरात
शनिवार नुसता शुक्रवारच्या मागून येतो.
पास दिले होते बर्फाच्या कारखान्याच्या पेडणेकरांनी,
म्हणाले, जुन्या शेडमध्ये गोव्याचा बँड येतोय,
सोल म्हणतात त्या गाण्याला, बघा तरी.
सोल म्हटल्यावर माझ्या तोंडाला
आमसुलाचंच पाणी सुटलं.
जयवंत म्हणाला, "मगे कढी पण गावतली काय?"

वेंगुर्ल्याची थंडी ती काय थंडी,
घाटावरचे हसतील.
तरी दवाने स्कूटरची सीट ओली होती,
आणि खाडीच्या पुलावर
मोहोराचा वास अंगावर आला, तो गारच.
मी लग्नातली शाल काढली होती,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.

बसले त्याच्या डावीकडे.
उजवा कान त्याचा इंजिनाने नेला,
सहा सिलिंडरच्या, ट्रॉलरच्या पोटात
वीस वर्षं उकिडवं बसून.
घरातसुद्धा मी डाव्या बाजूनेच भांडते.

गाणारी फ्लाविया नावाची, साठीची असेल.
चपला तिने स्टेजच्या कडेला काढल्या,
देवळात शिरताना काढाव्या तशा,
आणि पहिलाच सूर असा धरला
की भरलेला हंडा उचलताना बाई
एक क्षण थांबते, कंबर जोखते,
मग उचलतेच.
शब्द इंग्रजी. अर्धे माझ्या डोक्यावरून गेले.
एवढं समजलं, कोणी तरी सोडून गेलंय
आणि हिने दार अजून लोटलेलंच ठेवलंय,
कडी न घालता.

जयवंत डोळे मिटून, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर.
"तो जाडो गिटार वाजवता ना, तेचा टायमिंग बघ.
आयडलिंगवर इतक्या सारख्या इंजिन
मी कधी आयकूक नाय."

मग लाइट गेली.
जाते तशी, न विचारता.
गिटार मुकी. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या चुळबुळल्या,
कोणाचं तरी पोर रडलं, गप्प झालं.
आणि ती बाई थांबलीच नाही.
माइक नाही, नुसता गळा,
मागे ड्रमवाला बोटांच्या पेरांनी
पाऊल मोजावं तसा ताल देत होता.
मिठाने खाल्लेल्या त्या भिंती
तिचा आवाज आमच्याकडे हळूच सरकवत होत्या.

सगळ्यांकडे. याच्याकडे नाही.
अंधारात त्याने मान वळवली,
"बंद झाला?"

मी त्याचा हात मांडीवर ओढून घेतला.
तळव्यावर ताल धरला.
सूर वर गेला की बोट मनगटाकडे,
उतरला की अंगठ्याखाली,
लांबला तर तिथेच दाबून ठेवायचं,
ती श्वास घेईपर्यंत.
त्या हातावर इतके घट्टे,
काय पोचलं, काय नाही, कोण जाणे.
एका जागी तिचा आवाज मधोमध फुटला,
त्याचं बोटांनी काय करायचं मला सुचेना.
मी नुसती त्याची मूठ मिटली.

लाइट आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या,
तिला की लाइटला, देव जाणे.
आम्ही नाही वाजवल्या.
हात मोकळे नव्हते.

परतताना त्याने स्कूटर बंदरावर थांबवली.
कुबलांच्या होडीचा दोर त्याला सैल वाटला.
पौषातल्या भरतीत गुडघाभर उतरून
गाठ आवळून आला, पँट पिळत,
रविवारी घालायची एकुलती एक पँट.
मी बोलणार होते.

किक मारायच्या आधी काही तरी गुणगुणला,
पार बेसूर, त्या गाण्यातलं तर नव्हतंच.
"ह्याच होता मां, काळोखात?"

"ह्याच," मी म्हटलं,
डाव्या कानात.